शेक्सपिअरच्या आधीचं इंग्रजी नाटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणारे, नेट-सेटच्या तयारीला लागलेले आणि नाटकाच्या वेडापायी या काळाकडे वळलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात परत दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे. मध्ययुगीन नाटक म्हणजे शेक्सपिअरकडे जाणारी कच्ची पायरी, असं समजून बरेचजण येतात. ही समजूत या नाटकांवर अन्याय करणारी आहे आणि पुढची उत्तरं वाचताना ते लक्षात येईल.

१. इंग्लंडमध्ये नाटकाची सुरुवात नेमकी कुठे झाली?

लेखी पुरावा मिळतो तो दहाव्या शतकातला, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेतला. ९७० च्या दशकात विंचेस्टरचे बिशप एथलवोल्ड यांच्या पुढाकाराने इंग्लंडमधल्या मठांसाठी 'रेग्युलारिस कॉन्कॉर्डिया' ही नियमावली तयार झाली. तिच्यात चक्क रंगसूचना आहेत. एका संन्याशाने पांढरा झगा घालून, हातात पामची फांदी घेऊन, कोणाच्या लक्षात न येता थडग्याच्या जागी जाऊन बसायचं. मग तिघांनी धुपाटणी घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखं अडखळत तिकडे यायचं. 'कोणाला शोधता?' 'नाझरेथच्या येशूला.' 'तो इथे नाही. सांगितल्याप्रमाणे तो उठला आहे.' त्यानंतर ते तिघे थडग्यातलं रिकामं वस्त्र उचलून सगळ्यांना दाखवतात.

भाषा लॅटिन, ओळी गायच्या आणि बघणारे मुख्यतः मठातलेच. पण वेश आहे, हातात वस्तू आहे, चालायचं कसं ते सांगितलं आहे आणि तीन पुरुष तीन स्त्रिया झाले आहेत. नाटक म्हणायला आणखी काय हवं? गावोगावची सोंगं आणि खेळ याच्याही आधीपासून चालत असतील, पण त्यांच्या संहिता हाती लागलेल्या नाहीत.

२. मिस्टरी, मिरॅकल आणि मोरॅलिटी या तिन्हींत फरक काय? दर वेळी गोंधळ होतो.

मिस्टरी नाटकात बायबलमधली कथा असते: विश्वाची निर्मिती, आदम-ईव्ह, नोहाचा पूर, येशूचा जन्म, क्रूस, शेवटचा न्याय. मिरॅकल नाटकात संतांचं चरित्र किंवा एखादा चमत्कार असतो. डिग्बी हस्तलिखितातलं मेरी मॅग्डलीनचं नाटक हे त्याचं उरलेलं चांगलं उदाहरण. मोरॅलिटी नाटकाची कथा कल्पित असते आणि पात्रं म्हणजे मृत्यू, लोभ, सत्कृत्य, ज्ञान असे गुण-अवगुण. त्यांच्यामध्ये उभा असतो एक माणूस, जो आपल्या सगळ्यांचा प्रतिनिधी.

ही वर्गवारी अभ्यासकांनी सोयीसाठी केलेली आहे. त्या काळचे इंग्रज यातल्या बऱ्याच प्रकारांना सरसकट मिरॅकलच म्हणत. त्यामुळे जुन्या पुस्तकात बायबलच्या नाटकाला मिरॅकल म्हटलेलं दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

३. रस्त्यावरचे प्रयोग प्रत्यक्षात कसे व्हायचे?

यॉर्कचं उदाहरण घेऊ, कारण तिथली कागदपत्रं सगळ्यात भरघोस आहेत. पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये कॉर्पस क्रिस्टी हा सण घोषित केला. ही नाटकं त्या सणाला होत. तो मे-जूनमध्ये येतो, म्हणजे इंग्लंडमधले लांब दिवस मिळतात. यॉर्कमध्ये १३७६ पासून नाटकाच्या गाड्यांचे, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या रंगमंचांचे, उल्लेख सापडतात. १४१५ मध्ये नगराचे कारकून रॉजर बर्टन यांनी कोणत्या गिल्डने कोणता प्रसंग करायचा याची यादीच लिहून ठेवली. गिल्ड म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांची किंवा व्यापाऱ्यांची संघटना.

वाटप किती चपखल होतं बघा. नोहाची नौका बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्या सुतारांकडे, पुराचा कोळी आणि खलाशांकडे, शेवटच्या भोजनाचा पाववाल्यांकडे. पूर्वेकडून सोनं घेऊन येणाऱ्या तीन राजांचा प्रसंग सोनारांकडे. येशूला खिळे ठोकण्याचा प्रसंग टाचण्या-खिळे बनवणाऱ्यांकडे.

पहाटे चार ते पाचच्या दरम्यान नटांनी तयार असायचं, असा हुकूम होता. पहिली गाडी होली ट्रिनिटी मठाच्या दारापाशी उभी राहायची, प्रयोग करायची आणि पुढच्या ठिकाणी ओढत न्यायची. तिच्या जागी दुसरी यायची. अशी साधारण बारा ठिकाणं आणि पन्नासाच्या आसपास प्रसंग. प्रेक्षक आपल्या जागी उभा आणि जगाची निर्मिती ते कयामत त्याच्या समोरून सरकत जाणार. प्रत्येक गाडीचे नट वेगळे, म्हणून एका दिवसात वीसहून अधिक येशू दिसत.

सगळ्या शहरांत अशीच पद्धत होती असं मात्र नाही. काही नाटकं एकाच मैदानात, भोवती मचाण उभारून होत (प्रश्न ८ पाहा).

४. याचा खर्च कोण करायचं? हिशेब उपलब्ध आहेत का?

आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. गिल्डचे सभासद दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचे, आपल्याकडे मंडळाची वर्गणी निघते तशी. शिवाय ज्यांच्या दारासमोर गाड्या थांबत ते त्या मानासाठी नगराला पैसे मोजत, आणि मग मचाण बांधून बसायच्या जागा भाड्याने देऊन ते वसूल करत.

कॉव्हेंट्रीच्या लोहारांच्या गिल्डच्या हिशेबात १५७३ साली फॉस्टन नावाच्या माणसाला जूडासला फाशी देण्याचे चार पेन्स आणि कोंबडा आरवण्याचे चार पेन्स दिल्याची नोंद आहे. दोन्ही कामं एकाच माणसाने केली. तिथल्याच कापडवाल्यांच्या गिल्डने नरकाच्या तोंडाशी विस्तव राखणाऱ्याला मजुरी दिली आहे आणि 'जगाला आग लावण्याचे' पाच पेन्स वेगळे लावले आहेत.

यॉर्कच्या मर्सर म्हणजे कापडाच्या बड्या व्यापाऱ्यांकडे शेवटच्या न्यायाचा प्रसंग होता. त्यांची १४३३ ची सामानाची यादी शिल्लक आहे. चार चाकांची गाडी. नरकाचं तोंड. तीन सैतानांचे पोशाख आणि त्यांच्यासाठी तीनच मुखवटे, पण चेहरे सहा, कारण प्रत्येक मुखवट्याला मागे-पुढे तोंड. देवासाठी सोनेरी मुखवटा. देव स्वर्गात परत जाताना ज्यावर बसेल ती लोखंडी बैठक, चार कोपऱ्यांना चार दोर बांधलेली. लाल ढगांचे तुकडे, सोनेरी तारे. आणि लाल रंगवलेल्या नऊ लहान देवदूतांच्या बाहुल्या, सोबत त्यांना स्वर्गात पळवण्यासाठी एक लांब बारीक दोरी. ज्यांना मध्ययुगीन रंगभूमी ओबडधोबड वाटते त्यांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी.

५. धार्मिक नाटकात विनोद कसा चालायचा? देवाचा अपमान वाटत नसे का?

वाटत नसे. 'सेकंड शेपर्ड्स प्ले' हे त्याचं सर्वांत देखणं उदाहरण. सुरुवातीला तीन मेंढपाळ थंडीने कुडकुडत कुरकुर करतात: कर फार झाले, जमीनदारांच्या माणसांनी पिळून काढलं, बायकोने जीव नकोसा केला. मग मॅक नावाचा भुरटा येतो, त्यांचं मेंढरू पळवतो आणि घरी नेऊन पाळण्यात झोपवतो. त्याची बायको गिल नुकतीच बाळंत झाल्याचं सोंग करत कण्हत पडते. मेंढपाळ झडती घेतात, काहीच सापडत नाही, निघून जातात. एकाला आठवतं की बाळाच्या हातावर काही ठेवायचं राहिलं. परत येऊन तो पाळण्यावरचं पांघरूण उचलतो आणि आत लांब नाकाचं बाळ!

चोराला खरं तर फाशीच व्हायची. मेंढपाळ त्याला चादरीत घालून झोकांड्या देतात आणि सोडतात. ही दया दाखवून ते थकून आडवे होतात, तोच देवदूत गाऊ लागतो आणि ते बेथलेहेमच्या गोठ्यात पोचतात. तिथे पुन्हा पाळणा, पुन्हा बाळ. त्याला ते चेरीचा घोस, एक पक्षी आणि खेळायला चेंडू देतात. पहिल्या पाळण्यावर पोट धरून हसलेला प्रेक्षक दुसऱ्या पाळण्यासमोर उभा असतो. विनोद तोंडी लावायला घातलेला नाही, त्याच्याशिवाय शेवटचा प्रसंग इतका भिडला नसता.

नोहाची बायको नौकेत चढायला नकार देते तो प्रसंगही लोकप्रिय होता. चेस्टरच्या नाटकात ती मैत्रिणींना सोडून यायला तयारच होत नाही.

६. मग गंभीर प्रसंग कसे लिहिले आहेत? क्रूसाचा प्रसंग वाचावा का?

वाचाच, आणि यॉर्कचा वाचा. चार शिपाई येशूला जमिनीवर आडव्या ठेवलेल्या क्रूसावर ठोकतायत. भोकं चुकीच्या अंतरावर पडली आहेत, हात पोचत नाही. मग भोक नवीन पाडण्याऐवजी दोरी बांधून हातच ओढून ताणतात. क्रूस उभा करताना खांदे दुखले म्हणून तक्रार करतात, खाच मोठी पडली म्हणून पाचरी मारतात. बोलणं सगळं कारागिरांचं: इकडे धर, नीट ओढ, झालं का तुझं. क्रौर्याचा आवेश कुणाच्याच बोलण्यात नाही. काम उरकायचं आहे, एवढंच. या सगळ्यात येशू फक्त दोनदा बोलतो.

हे सादर करणारे स्वतः खिळेवाले. क्रूस उभा होईपर्यंत प्रेक्षकाला मुख्यतः शिपायांचीच धडपड दिसते. क्रूस वर गेला की पहिल्यांदा येशूचा चेहरा समोर येतो आणि तो थेट रस्त्यावरच्या माणसांना उद्देशून बोलतो. गेल्या शंभर वर्षांत लिहिलेल्या कुठल्याही प्रायोगिक नाटकाच्या शेजारी हा प्रसंग ठेवावा, तो कमी पडणार नाही.

७. चक्रं चार असं शिकवतात. ती कोणती, आणि टाउनली व वेकफील्ड एकच का?

चक्र म्हणजे निर्मितीपासून शेवटच्या न्यायापर्यंतच्या प्रसंगांची मालिका. ती चार अशी: यॉर्क, चेस्टर, टाउनली आणि एन-टाउन. चेस्टरच्या चक्रात २४ प्रसंग आहेत, टाउनलीच्या हस्तलिखितात ३२. कॉव्हेंट्रीचंही मोठं चक्र होतं, पण त्यातले दोनच प्रसंग उरले. म्हणून ते चारांत धरत नाहीत.

टाउनली हे हस्तलिखित बाळगणाऱ्या लँकशायरमधल्या घराण्याचं नाव. दोन प्रसंगांच्या शीर्षकात वेकफील्डचा उल्लेख असल्यामुळे सगळं चक्रच त्या गावाचं असं मानलं गेलं, आणि त्यातल्या सर्वोत्तम लेखकाला 'वेकफील्ड मास्टर' म्हणायची पद्धत पडली. प्रश्न ५ मधलं नाटक त्याचंच. आज बरेच अभ्यासक ते वेगवेगळ्या ठिकाणच्या नाटकांचं संकलन मानतात. परीक्षेत दोन्ही नावं चालतात, पण 'वेकफील्ड गावात हे सगळं चक्र होत असे' असं ठामपणे लिहू नये. एन-टाउन हे कुठलं गाव नाही. फिरत्या प्रयोगाची जाहिरात करताना त्या त्या गावाचं नाव घालण्यासाठी सोडलेली ती जागा आहे.

८. मोरॅलिटी नाटकं उपदेशाने भरलेली आणि कंटाळवाणी असतात का?

वर्गात वाचली तर वाटू शकतं. 'कॅसल ऑफ पर्सिव्हिअरन्स' हे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, साडेतीन हजारांहून जास्त ओळींचं नाटक. त्याच्या हस्तलिखितात रंगमंचाचा आराखडाच काढलेला आहे: गोल मैदान, मधोमध किल्ला, किल्ल्याखाली माणसाचा पलंग, भोवती पाच मचाणं. सैतानाच्या भूमिकेसाठी सूचना अशी की लढाईवर निघताना त्याच्या हातात, कानांत आणि पार्श्वभागी नळ्यांमध्ये बंदुकीची दारू पेटलेली असावी. कंटाळा यायला जागा कुठे आहे?

'मॅनकाइंड' हे १४६५-७० च्या सुमाराचं. त्यात टिटिव्हिलस नावाचा सैतान बघायचा असेल तर आधी पैसे टाका, असं सांगून नट प्रेक्षकांत फिरून पैसे गोळा करतात. पोटासाठी नाटक करणाऱ्या मंडळींची ही इंग्रजीतली फार जुनी खूण.

मोरॅलिटी नाटकात वाईटाचा जो सूत्रधार असतो त्याला पुढे 'व्हाइस' हे नाव रूढ झालं. तो प्रेक्षकांशी दोस्ती करतो, डाव आधी सांगतो आणि मग खेळतो. त्याला विसरू नका, तो प्रश्न १६ मध्ये परत भेटेल.

९. 'एव्हरीमन' इंग्रजी की डच?

'एल्करलिक' या डच नाटकावरून ते इंग्रजीत आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत ते छापलं गेलं. मृत्यू बोलावणं घेऊन येतो, एव्हरीमन सोबत शोधतो. मैत्री, नातेवाईक, संपत्ती एकेक करून अंग काढून घेतात. सत्कृत्य यायला तयार आहे, पण इतकी वर्षं दुर्लक्ष झाल्याने तिला उठताही येत नाही. शेवटी थडग्यात उतरते ती तीच. विल्यम पोएल यांनी १९०१ मध्ये लंडनमध्ये याचा प्रयोग केला आणि हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं.

१०. इंटरल्यूड म्हणजे दोन अंकांमधला प्रवेश का?

नाही. सरदार-धर्माधिकाऱ्यांच्या वाड्यात, मेजवानीच्या वेळी होणारं छोटं नाटक. हेन्री मेडवॉल यांचं 'फुलजेन्स अँड लुक्रीस' (१४९७ च्या सुमाराचं) हे इंग्रजीतलं उरलेलं पहिलं पूर्ण लौकिक नाटक समजतात. ते कार्डिनल मॉर्टन यांच्या घरी, जेवणाच्या पंगतींच्या आगेमागे झालं. ए आणि बी अशी नावं असलेले दोघे प्रेक्षकांतून बोलत बोलत नाटकात शिरतात. लुक्रीसला दोन मागण्या आलेल्या: एक खानदानी, एक साध्या घरचा पण कर्तबगार. ती दुसऱ्याला निवडते. सरदारांनी भरलेल्या दालनात हे ऐकवणं धाडसाचंच होतं. पुढे जॉन हेवुड यांनी हा प्रकार विनोदाकडे नेला. त्यांच्या 'फोर पीपी' मध्ये सगळ्यात मोठी थाप कोण मारतो याची स्पर्धा आहे.

११. पहिली इंग्रजी कॉमेडी आणि पहिली ट्रॅजेडी कोणती?

कॉमेडी: निकोलस युडॉल यांचं 'राल्फ रॉइस्टर डॉइस्टर', १५५२ च्या सुमाराचं. युडॉल हेडमास्तर होते. विद्यार्थ्यांना शिकवले जाणारे रोमन नाटककार प्लॉटस आणि टेरेन्स यांचा साचा घेऊन त्यांनी इंग्रजी फुशारकी मारणारा नायक उभा केला. त्याच सुमाराला केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये झालेलं 'गॅमर गर्टन्स नीडल' जास्त खेड्यातलं आणि माझ्या मते जास्त जिवंत आहे. एका हरवलेल्या सुईवरून गाव डोक्यावर घेतलेलं.

ट्रॅजेडी: टॉमस नॉर्टन आणि टॉमस सॅकव्हिल यांचं 'गॉर्बोडक'. इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेत १५६१-६२ च्या नाताळात ते झालं आणि जानेवारी १५६२ मध्ये राणी एलिझाबेथसमोर पुन्हा झालं. राजा राज्य दोन मुलांत वाटतो, धाकटा थोरल्याला मारतो, आई धाकट्याला मारते, प्रजा राजा-राणीला मारते. एकही खून रंगमंचावर होत नाही, सगळे निरोप्याच्या तोंडून कळतात. हा रोमन नाटककार सेनेकाचा वारसा. वारस न नेमलेल्या राणीला दिलेला तो उघड इशारा होता. शिवाय ब्लँक व्हर्स म्हणजे निर्यमक छंदात लिहिलेलं हे पहिलं इंग्रजी नाटक. हा छंद कवी सरे यांनी व्हर्जिलच्या भाषांतरात आणला होता, नाटकात तो इथून आला.

१२. लोकांना कंटाळा आला म्हणून धार्मिक नाटकं बंद पडली ना?

गाइडांमध्ये असं असतं, आणि ते चूक आहे. ती बंद पाडली गेली.

आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले, त्यानंतर १५४८ मध्ये कॉर्पस क्रिस्टीचा सणच रद्द झाला. कॅथलिक राणी मेरीच्या काळात तो परत आला, एलिझाबेथच्या काळात पुन्हा गेला. १५५९ च्या जाहीरनाम्याने धर्म आणि राज्यकारभार या विषयांवरच्या नाटकांना लगाम घातला. १५६८ मध्ये यॉर्कचे डीन मॅथ्यू हटन यांच्याकडे 'क्रीड प्ले' या ख्रिस्ती श्रद्धेवरच्या नाटकाची संहिता तपासायला गेली. त्यांनी कळवलं की चाळीस वर्षांपूर्वी हे चाललं असतं, आजही अडाणी लोकांना ते आवडेल, पण विद्वानांना खपणार नाही, तेव्हा करू नये. म्हणजे लोकांना आवडत होतं हे बंदी सुचवणाराच सांगतो आहे.

यॉर्कचं चक्र १५६९ मध्ये शेवटचं झालं. चेस्टरच्या महापौरांनी मनाई झुगारून १५७५ मध्ये प्रयोग केला आणि त्यांना राणीच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जाब द्यावा लागला. मे १५७६ मध्ये वेकफील्डला आदेश गेला की पिता, पुत्र किंवा पवित्र आत्मा यांचं रूप कोणी घेऊ नये, बाप्तिस्मा वा प्रभुभोजन यांची नक्कल करू नये. यातलं काहीच दाखवायचं नसेल तर नाटकात उरलं काय? कॉव्हेंट्रीचे प्रयोग १५७९ मध्ये संपले. तरी १५८० मध्ये यॉर्कचे नागरिक महापौरांकडे आपलं नाटक परत मागत होते.

दोनशे वर्षं एका शहराने बाप-मुलगा-नातू मिळून सांभाळलेली गोष्ट कचेरीतल्या पत्रांनी मोडली. तिची नैसर्गिक अखेर झाली असं म्हणणं मला पटत नाही.

१३. नटांना कायद्याने भटके ठरवलं होतं हे खरं का?

अर्धं खरं. १५७२ च्या कायद्याने बॅरन किंवा त्याहून वरच्या सरदाराचा आश्रय नसलेल्या फिरत्या नटांना भटक्या-उडाणटप्पूंच्या यादीत घातलं. शिक्षा फटक्यांची आणि कान डागण्याची. आश्रय असेल तर मात्र संरक्षण. म्हणूनच मंडळींची नावं लेस्टर्स मेन, ॲडमिरल्स मेन, लॉर्ड चेंबरलेन्स मेन अशी. १५७४ मध्ये लेस्टरच्या मंडळींना राणीकडून परवाना मिळाला. त्यात जेम्स बर्बेज हे नाव आहे.

१४. पहिलं नाट्यगृह १५७६ चं की १५६७ चं?

दोन्ही तारखा बरोबर आहेत. १५६७ मध्ये जॉन ब्रेन यांनी लंडनबाहेर 'रेड लायन' उभारलं, पण ते टिकलं नाही. १५७६ मध्ये त्यांचे मेहुणे जेम्स बर्बेज आणि त्यांनी मिळून शोरडिचला 'द थिएटर' बांधलं, ते टिकलं. नगराच्या कारभाऱ्यांना नाटकं नको होती, म्हणून जागा त्यांच्या हद्दीबाहेरची. वेकफील्डला देव दाखवायची बंदी झाली तेच हे वर्ष. पुढे जागेचा करार संपल्यावर डिसेंबर १५९८ मध्ये मंडळींनी 'द थिएटर' उतरवलं आणि त्याच्या लाकडातून थेम्सच्या पलीकडे १५९९ मध्ये 'ग्लोब' उभं केलं. उभं राहायला एक पेनी, गॅलरीत बसायला आणखी एक, उशीसह चांगल्या जागी तिसरी.

१५. उपासना, मग चर्चचं आवार, मग रस्ता, मग नाट्यगृह, ही साखळी परीक्षेत लिहावी का?

लिहिली तर तिची मर्यादाही लिहा. ई. के. चेंबर्स यांच्या १९०३ च्या अभ्यासामुळे ही साखळी रुजली. पण कालक्रम तिला साथ देत नाही. लॅटिन उपासना-नाटक रस्त्यावरच्या नाटकांच्या काळातही चालूच होतं. बाराव्या शतकातलं अँग्लो-नॉर्मन भाषेतलं आदमचं नाटक चक्रांच्या कितीतरी आधीचं, तरी संवादांत चक्रांइतकंच सफाईदार. पोप तिसरे इनोसंट यांच्या १२०७ च्या आदेशामुळे नाटक चर्चबाहेर पडलं असंही सांगतात. तो आदेश धर्माधिकाऱ्यांच्या मुखवटे घालून चालणाऱ्या धांगडधिंग्याबद्दल होता. आणि त्यानंतर यॉर्कच्या पहिल्या नोंदीपर्यंत जवळजवळ १७० वर्षं जातात. हे प्रकार एकमेकांच्या शेजारी नांदले, एकमेकांकडून घेत राहिले, असं लिहिणं अचूक ठरेल.

१६. जुनं नाटक बंद पडलं, तर नव्यात त्याचं काय उतरलं?

कसब उतरलं. मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस'मध्ये चांगला देवदूत, वाईट देवदूत, सात महापापांची मिरवणूक, शेवटी ओढून नेणारे सैतान, हे सगळं मोरॅलिटीचं सामान आहे. फरक असा की मोरॅलिटीत माणूस अखेर वाचतो आणि फॉस्टस वाचत नाही, त्याच्या शेवटच्या तासात देव बोलत नाही. रोझ नाट्यगृहाचे मालक फिलिप हेन्स्लो यांच्या कागदांत ॲडमिरल्स मेनच्या सामानाची १५९८ ची यादी आहे. तिच्यात फॉस्टसमधल्या ड्रॅगनबरोबर एक नरकाचं तोंडही आहे. यॉर्कच्या व्यापाऱ्यांच्या यादीत (प्रश्न ४) ते १४३३ मध्येच होतं.

व्हाइसही टिकला. तिसरा रिचर्ड स्वतःची तुलना 'इनिक्विटी' या व्हाइसशी करतो आणि त्याच्यासारखाच प्रेक्षकांना आधी डाव सांगतो. फॉल्स्टाफला राजपुत्र थट्टेने 'म्हातारा व्हाइस' म्हणतो. रडणं-हसणं एकाच नाटकात ठेवायची, वर्षानुवर्षांचा काळ एका दुपारी ओलांडायची सवयही तिथलीच. रोमन नियमांनी हे शिकवलं नसतं.

१७. शेक्सपिअरने ही नाटकं पाहिली होती का?

पाहिली असण्याची दाट शक्यता आहे, पुरावा नाही. कॉव्हेंट्री स्ट्रॅटफर्डपासून सुमारे ३० किलोमीटरवर. तिथले प्रयोग संपले तेव्हा तो १५ वर्षांचा होता. कॉव्हेंट्रीच्या संहितेत हेरॉड राजा गाडीवर आणि गाडीवरून उतरून रस्त्यातही थैमान घालतो अशी सूचना आहे. हॅम्लेट नटांना सांगतो की हेरॉडवर ताण करणारा आरडाओरडा करू नका. हे ऐकून हसायला प्रेक्षकांना हेरॉड माहीत असायला हवा. मॅकबेथमधला दारवान स्वतःला नरकाच्या दाराचा पहारेकरी समजतो, त्यामागेही येशू नरकाचं दार ठोठावतो तो जुना प्रसंग आहे असं अनेकजण मानतात.

१८. बायका अजिबात काम करत नसत?

लंडनच्या व्यावसायिक मंडळींत नाही, तिथे मुलगेच स्त्रीपार्ट करत. १६४२ मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि १६६० मध्ये उघडली, तेव्हा नट्या आल्या. पण त्याआधीचे अपवाद आहेत. चेस्टरमध्ये मेरीच्या स्वर्गारोहणाचा प्रसंग शहरातल्या विवाहित स्त्रियांकडे होता. दरबारी मास्कमध्ये, म्हणजे राजवाड्यातल्या नाचगाण्याच्या नाट्यखेळात, तर १६०५ मध्ये खुद्द राणी ॲन उतरली. 'स्त्रिया नव्हत्याच' हे वाक्य व्यावसायिक नाट्यगृहांपुरतंच खरं.

१९. या सगळ्याचा मराठीशी काही संबंध आहे का? दशावतारासारखंच वाटतं.

दशावताराशी साम्य वाटणं साहजिक आहे, देवाची कथा आणि विनोद तिथेही एकत्र असतात. पण दोन्हींमध्ये देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही.

खरा दुवा दुसरीकडे आहे. कॉव्हेंट्रीचे प्रयोग थांबले त्याच १५७९ मध्ये टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरू म्हणून उघडपणे राहणं शक्य नव्हतं. सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होऊन येशूच्या चरित्राकडे जाणारी तीच कथा त्याने मराठी ओव्यांमध्ये लिहिली: सुमारे ११ हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण', १६१६ मध्ये राचोलला छापलेलं. ते चर्चमध्ये लोकांपुढे वाचलं जाई. त्याने इंग्लंडमधली नाटकं पाहिली होती असं म्हणायला आधार नाही, आणि ते नाट्य नाही, पुराण आहे. तरीही ज्या कथेला त्याच्या मायदेशी रस्त्यावर यायला मनाई झाली, ती त्या काळात आपल्या भाषेत, आपल्या छंदात सांगितली जात होती. इंग्रजी साहित्याच्या मराठी विद्यार्थ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

२०. रंगमंचावर देव पुन्हा कधी दिसला?

फार उशिरा. १६०६ च्या कायद्याने नाटकात देवाचं नाव टवाळीने घेतलं तर दहा पौंड दंड होता. नंतरच्या सेन्सॉरशिपमध्येही देवाचं पात्र दाखवणं अवघड राहिलं. १९५१ मध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या निमित्ताने यॉर्कचं चक्र सेंट मेरीज ॲबीच्या भग्नावशेषांत पुन्हा उभं राहिलं, तब्बल ३८२ वर्षांनी. १९५७ च्या प्रयोगात मेरीचं काम यॉर्कच्याच ज्युडी डेंच यांनी केलं. आज यॉर्क आणि चेस्टर दोन्हीकडे काही वर्षांच्या अंतराने प्रयोग होतात, यॉर्कमध्ये गाड्यांवरही.

२१. वाचायला कुठून सुरुवात करू? जुनी इंग्रजी झेपत नाही.

आधुनिक स्पेलिंगमधली आवृत्ती घ्या, तळटीपा असलेली. आधी 'सेकंड शेपर्ड्स प्ले', मग यॉर्कचा क्रूसाचा प्रसंग, मग 'एव्हरीमन', मग लगेच 'डॉक्टर फॉस्टस'. 'गॉर्बोडक' सगळ्यात शेवटी. महत्त्वाचं आहे, पण भाषणं लांब आहेत. अडलेल्या ओळी मोठ्याने वाचा. अनुप्रास आणि यमकं कानाला लागली की निम्मा अर्थ तिथेच उलगडतो. शक्य असेल तर क्रूसाचा प्रसंग चौघांत वाटून घ्या आणि जमिनीवर खरोखर एक फळी ठेवून वाचा. कोण कुठे उभा आहे, कोण काय ओढतोय हे कळल्याशिवाय ते संवाद अर्धेच समजतात.